पाळकघरातील मुले आणि त्यांच्यावरील ओझे

शास्त्रवाचन : १ शमुवेल ३:१-१८; १ तीमथ्य ३:१-५; तीत १:५-९

"तू पाळकसाहेबांचा मुलगा ना?" हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत किती सहजपणे विचारला जातो! उपासनेत बाकावर चुळबुळ केली की हा प्रश्न, शाळेत गुण कमी पडले की हा प्रश्न, नाताळच्या नाटकात भाग घेण्याचे नाकारले की पुन्हा हाच प्रश्न. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसते. परंतु सात-आठ वर्षांच्या मुलाला त्यातून एवढेच कळते, की माझ्या वडिलांचे काम माझ्या वागण्यावर टिकून आहे. घरी यावे तर आई म्हणते, "लोक काय म्हणतील?" त्याच लोकांपाशी एक दुसरे वाक्यही तयार असते : "पाळकांची मुले अशीच निघायची." म्हणजे मूल चांगले वागले तर त्यात विशेष ते काय, आणि बिघडले तरी त्यात नवल ते काय! दोन्हीकडून त्या मुलाला मूल म्हणून कोणी पाहत नाही.

हा विषय वरवर घरगुती वाटतो. पण त्यात मोठा आत्मिक धोका दडलेला आहे. पाळक, सुवार्तिक किंवा मिशनच्या वसतिगृहाचे व्यवस्थापक यांच्या घरातील मूल विश्वासाचे बाह्य रूप इतर मुलांच्या कितीतरी आधी शिकते. प्रार्थनेची भाषा, गीतांच्या चाली, साक्ष देण्याची धाटणी, कोणत्या पाहुण्यासमोर कसे बसावे हे सर्व त्याच्या अंगवळणी पडते. देवाशी त्याची स्वतःची भेट मात्र अजून घडलेली नसते. अशा मुलावर आदर्श दिसण्याचा भार टाकला, तर ते आदर्श दिसू लागते, इतकेच. पौलाने तीमथ्याच्या विश्वासाचे वर्णन करताना (२ तीमथ्य १:५) 'अनुपोक्रितोस' हा ग्रीक शब्द योजला आहे. नाटकातील नटासाठी ग्रीक भाषेत जो शब्द होता, त्याच्याच कुळातला हा नकारार्थी शब्द. सोंग नसलेला विश्वास, असा त्याचा अर्थ. हा विश्वास आधी आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी राहत होता, असे पौल आठवण देतो. त्या घरात कोणी कोणासाठी भूमिका वठवीत नव्हते, असे यावरून समजण्यास हरकत नसावी.

पौलाची अट कोणाला?

पाळकांच्या मुलांवरील दडपणाला शास्त्राचा आधार म्हणून दोन उतारे नेहमी पुढे केले जातात. अध्यक्षाने आपल्या घराची व्यवस्था नीट ठेवावी व त्याची मुले त्याच्या अधीन असावीत, हा तीमथ्याला लिहिलेला भाग एक. आणि वडिलाची मुले विश्वासू असावीत, त्यांच्यावर बेतालपणाचा आरोप नसावा, हा तीताला लिहिलेला भाग दुसरा. हे उतारे मंडळीच्या कार्यकारिणीत वाचले जातात, निवड समितीत वाचले जातात, आणि दुर्दैवाने कधी कधी जेवणाच्या वेळी मुलांसमोरही वाचले जातात.

आता हे पाहावे की ही अट कोणाला घातली आहे. ती मुलांना घातलेली नाही. ती घरच्या कर्त्याला आहे, आणि तीही तो त्या घरात कसा वागतो याविषयी. तीमथ्याच्या पत्रातील चौथ्या वचनात गांभीर्य किंवा भारदस्तपणा या अर्थाचा जो शब्द येतो, तो व्याकरणदृष्ट्या मुलांकडेही जातो आणि पित्याकडेही. अनेक भाष्यकारांनी तो पित्याला लावला आहे. आवाज न चढविता, स्वतःची व मुलांची अप्रतिष्ठा न करता घर चालविणारा मनुष्य पौलाच्या डोळ्यांसमोर आहे.

पाचव्या वचनात तर आणखी लक्ष देण्याजोगी गोष्ट आहे. ज्याला घर सांभाळता येत नाही तो देवाच्या मंडळीची काळजी कशी घेणार, असे पौल विचारतो. येथे काळजी घेण्यासाठी आलेले 'एपिमेलेओमाई' हे क्रियापद नव्या करारात याखेरीज एकाच प्रसंगी आढळते : लूक १०:३४-३५, चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात. जखमी माणसाला उतारशाळेत आणून त्याने त्याची जी शुश्रूषा केली, आणि दोन दिनार देऊन जी पुढे करावयास सांगितली, त्या कृतीचे हे क्रियापद आहे. घर आणि मंडळी यांना जोडणारा दुवा पौलाने हा निवडला! हुकूम कोणाचा किती चालतो यावर घराची परीक्षा घेणारा मनुष्य या वचनाजवळून जातो खरा, पण त्याच्या आत शिरत नाही.

तीताच्या पत्रातील 'बेतालपणा' याला मूळ शब्द 'असोतिया' असा आहे. उधळ्या पुत्राने दूर देशी जाऊन ज्या रीतीने संपत्ती उडविली (लूक १५:१३), तेथे याच शब्दाचे रूप वापरलेले आहे. म्हणजे पौलापुढे दारू, उधळपट्टी आणि बंडखोरी यांत बुडालेला मोठा मुलगा आहे. शिवाय रोमी जगात वाढलेली मुलेही पित्याच्या सत्तेखाली राहत असत, हे ध्यानात घ्यावे. बाकावर झोपी जाणारा सहा वर्षांचा मुलगा, किंवा केस वाढविणारा कॉलेजातला तरुण, यांचा या वचनाशी काय संबंध? 'विश्वासू' या शब्दाविषयीही मतभेद आहेत. 'विश्वास ठेवणारी' असा त्याचा अर्थ होतो, तसाच 'भरवशाची, एकनिष्ठ' असाही होतो. विश्वास हे देवाचे दान आहे असे आपण व्यासपीठावरून शिकवितो. मग ते दान मुलाच्या अंतःकरणात उत्पन्न करणे ही पाळकाच्या नोकरीची अट आहे, असे आपणच कसे म्हणू शकतो?

याच पौलाने बापांना उद्देशून दोन ठिकाणी स्पष्ट लिहिले आहे : इफिस ६:४ आणि कलस्सै ३:२१. मुलांना चिरडीस आणू नका. कलस्सैकरांस त्याचे कारणही दिले आहे, त्यांचे मन खचेल म्हणून. पित्याला मुलांवर जवळजवळ अमर्याद अधिकार देणाऱ्या रोमी समाजात हे लिहिलेले आहे. अध्यक्षाची अट वाचणाऱ्या समितीने ही दोन वचनेही त्याच बैठकीत वाचावीत.

शिलो येथील मुलगा

आपल्याकडे मुलांना धाकात ठेवण्यासाठी एलीचे उदाहरण फार वापरले जाते. एलीने मुलांना आवरले नाही, म्हणून त्याच्या घराण्याचा नाश झाला. तेव्हा पाळकहो, सावध! हे खरे आहे, पण अर्धे आहे. हफनी व फिनहास लहान नव्हते. ते अधिकारारूढ याजक होते. लोकांच्या यज्ञाचे मांस ते बळजबरीने घेत आणि दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी कुकर्म करीत. एलीने त्यांना शब्दांनी दोष दिला, पण पदावरून दूर केले नाही. त्याचा अपराध पाळण्यातल्या लाडाचा नसून, मोठ्या मुलांच्या उघड अन्यायाला पदाचे संरक्षण देण्याचा होता. आज एखाद्या संस्थेत पुढाऱ्याचा मुलगा पात्रता नसताना खजिनदार होतो, तेथे एलीची आठवण अधिक शोभेल!

शमुवेलाच्या उत्तरायुष्यातही हेच दिसते. म्हातारपणी त्याने योएल व अबीया या आपल्या पुत्रांना न्यायाधीश नेमले, आणि बैर-शेबा येथे ते लाच घेऊ लागले (१ शमुवेल ८:१-३). शमुवेलाने त्यांना कसे वाढविले होते, याविषयी शास्त्र एक अक्षरही बोलत नाही. त्याने त्यांना नेमले, एवढेच ते सांगते. पाचारण देवाचे असते. ते वडिलांनी मुलाच्या नावावर करून देण्याजोगी जमीन नव्हे.

परंतु एलीच्या घरात आणखी एक मूल होते, आणि आपल्या विषयासाठी तेच अधिक महत्त्वाचे आहे. बाल शमुवेल तागाचे एफोद घालून सेवा करीत होता, सकाळी मंदिराची दारे उघडीत होता, रात्री देवाच्या कोशाजवळच निजत होता. आजच्या भाषेत सांगायचे तर तो चोवीस तास चर्चच्या आवारात राहणारा मुलगा. आणि तरीही तिसऱ्या अध्यायाचे सातवे वचन सांगते की शमुवेलाला अद्यापि परमेश्वराची ओळख झाली नव्हती. एलीच्या पुत्रांविषयी मागच्या अध्यायात जे म्हटले आहे (२:१२), त्याच्याच जवळचे हे शब्द आहेत. सेवा करणारा मुलगा आणि देवाला न ओळखणारा मुलगा, दोन्ही एकच! शास्त्राला यात धक्कादायक काही वाटत नाही. ते केवळ 'अद्यापि' म्हणते.

त्या रात्री वृद्ध एली कसा वागला हे सावकाश वाचावे. मुलगा धावत येतो, एली म्हणतो, मी बोलाविले नाही, जा, नीज. दुसऱ्यांदा येतो, पुन्हा तेच. झोपमोड केली म्हणून रागावणे नाही, देवाचा आवाज ओळखता येत नाही म्हणून उपहास नाही. तिसऱ्या वेळी एलीच्या लक्षात येते की बोलाविणारा परमेश्वर आहे. तेव्हा उत्तर कसे द्यावे हे तो मुलाला शिकवितो आणि त्याला त्याच्या जागी परत पाठवितो. स्वतः उठून बरोबर जात नाही. दाराआड उभा राहून ऐकत नाही. पुढचे संभाषण देव आणि मुलगा यांच्यामधले आहे. आपल्या पुत्रांच्या बाबतीत चुकलेला हा याजक या मुलाच्या बाबतीत मात्र नेमके करावयाचे तेवढे करतो आणि बाजूला होतो. सकाळी त्या मुलाच्या तोंडून स्वतःच्याच घराण्यावरील न्यायाचा निरोप ऐकावा लागतो, तोही तो रागावल्याशिवाय ऐकून घेतो. पाळकाच्या घरात मुलाने एखादा कठीण प्रश्न विचारला, वडिलांच्याच उपदेशातील विसंगती दाखविली, तर ती सकाळ आठवावी.

हन्नेविषयी एक शब्द. "आम्ही तुला जन्मापूर्वीच प्रभूला वाहिले आहे," असे अनेक सेवक आपल्या मुलाला दर वाढदिवशी ऐकवितात. नवस हन्नेने केला होता आणि तो तिने फेडला. पण शमुवेलाला नावाने हाक मारली ती परमेश्वराने, हन्नेने नव्हे. ती दर वर्षी त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून आणीत असे (२:१९). मूल वाढते आहे आणि गेल्या वर्षीचे माप यंदा चालणार नाही, हे त्या माउलीला ठाऊक होते.

सेरामपूर आणि वाँटेज

आता शास्त्राबाहेरची दोन घरे पाहू. दोन्ही आपल्या देशाच्या ख्रिस्ती इतिहासातील आहेत.

विल्यम कॅरी १७९३ साली पत्नी डोरोथी व चार मुलांसह बंगालमध्ये आले. मदनाबाटी येथील निळीच्या कारखान्याची व्यवस्था पाहता पाहता ते भाषांतर करीत होते. १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर तेथेच वारला. त्यानंतर डोरोथी यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळले ते १८०७ मधील त्यांच्या मृत्यूपर्यंत सुधारले नाही. या सर्व काळात मुलांकडे कोण पाहत होते? १८०० साली कुटुंब सेरामपूरला आले, तेव्हा मार्शमन दांपत्याला ही मुले बेशिस्त आणि मोकाट आढळली. कॅरींना ते दिसत नव्हते असे नाही. पण स्वभावाने ते सौम्य, आणि कामाचा डोंगर पुढ्यात. बंगाली नवा करार १८०१ मध्ये छापून निघाला, तो याच घरातून. ज्यांना दडपण नको म्हणजे मुलांना त्यांच्यावर सोडून द्यावे असे वाटते, त्यांनी या घराकडे जरूर पाहावे. कॅरींच्या मुलांवर दडपण नव्हते. त्यांना वडिलांचा वेळ मिळाला नव्हता, आणि वेळ न मिळालेल्या मुलाला मोकळीक ही उपेक्षेसारखीच वाटते.

या मुलांना सावरले ते विल्यम वॉर्ड यांनी. ते छापखाना सांभाळणारे, तिशीतले गृहस्थ. त्यांनी थोरल्या फीलिक्सला छापखान्यात आपल्याबरोबर घेतले, त्याच्याशी मैत्री केली. २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळी नदीत कॅरींनी कृष्ण पाल यांना बाप्तिस्मा दिला, त्याच वेळी पंधरा वर्षांच्या फीलिक्सचाही बाप्तिस्मा झाला. वॉर्ड यांच्या सहवासाचा त्यात मोठा वाटा होता.

फीलिक्सची पुढची कथा सरळ नाही. १८०७ मध्ये तो मिशनरी म्हणून रंगूनला गेला. १८१४ मध्ये नौका उलटून त्याची पत्नी व मुले बुडाली. ब्रह्मदेशाच्या राजाने त्याला आपल्या सेवेत घेऊन वकील म्हणून कलकत्त्यास पाठविले. वडिलांना हे राजवैभव मुलाची अवनतीच वाटली. ते पदही टिकले नाही. मग काही वर्षे तो पूर्वेकडील प्रदेशांत भटकत राहिला. १८१८ मध्ये त्याला पुन्हा सेरामपूरला घेऊन आले ते कोण? तेच वॉर्ड. उरलेली चार वर्षे फीलिक्सने बंगाली भाषांतराच्या कामात घालविली आणि १८२२ मध्ये तो वारला. त्याचे भाऊ निरनिराळ्या वाटांनी गेले : विल्यम कटवा येथे मिशनच्या कामात, जेबेझ आधी अंबोयना बेटावर व नंतर अजमेरला, आणि जोनाथन कलकत्त्यात वकील. वकील झालेल्या मुलाला कमी लेखण्याचे कारण मला दिसत नाही.

दुसरे घर पंडिता रमाबाईंचे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंबरोबर त्यांच्या दोन वर्षांच्या मनोरमेचाही बाप्तिस्मा झाला. पुढे मनोरमेला धर्मशिक्षण कोणी व कसे द्यावे, यावरून रमाबाई आणि वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन यांच्यात बराच तीव्र पत्रव्यवहार झाला. हा पत्रसंग्रह १९७७ मध्ये छापून प्रसिद्ध झाला आहे. त्या भगिनींचे प्रेम खरे होते, उपकारही खरे होते. पण उपकारामुळे मुलीच्या मनावर आपला हक्क निर्माण होतो, ही समजूत रमाबाईंनी मान्य केली नाही. मनोरमा पुढे मुक्ती मिशनमध्ये आईच्या खांद्याला खांदा लावून झिजल्या व १९२१ मध्ये, आईच्या आधी एक वर्ष, वारल्या. देणगीदार आणि मिशनची समिती सेवकाच्या मुलांविषयी जेव्हा फार अधिकाराने बोलू लागतात, तेव्हा वाँटेजचा तो वाद आठवतो.

घरातल्या रोजच्या गोष्टी

दडपण मोठ्या आज्ञांतून येते त्यापेक्षा लहान सवयींतून अधिक येते. उपदेशात स्वतःच्या मुलाचा किस्सा सांगण्याची सवय घ्या. गंमत म्हणून सांगितलेला प्रसंग मुलगा दुसऱ्या बाकावर बसून ऐकत असतो, आणि उपासनेनंतर पन्नास माणसे त्याला त्याविषयी छेडतात. आधी विचारावे, त्याने नको म्हटले तर दुसरा दृष्टांत शोधावा. शास्त्रात दृष्टांत काय थोडे आहेत!

पेटी वाजविणारा आला नाही, बसवा मुलीला पेटीवर. संडेस्कूलला शिक्षिका नाही, पाठवा तिला. चौदा वर्षांच्या मुलीला सेवेची संधी मिळणे चांगलेच आहे. परंतु इतर घरच्या मुलींना आपण विचारतो आणि आपल्या मुलीला गृहीत धरतो, हा भेद तिला कळतो. एक साधी कसोटी लावावी : तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या रेल्वेतल्या कारकुनाच्या मुलीकडून मी हीच अपेक्षा केली असती काय? केली नसती, तर ती अपेक्षा देवाची नाही, माझ्या पदाची आहे. हीच कसोटी शिस्तीलाही लावता येते. खोटे बोलणे, चोरी, दुबळ्याला छळणे यांबद्दल पाळकाच्या मुलाला शासन झालेच पाहिजे. पण ते पाप आहे म्हणून, बाबांचे नाव जाते म्हणून नव्हे. दुसरे कारण ऐकत वाढलेला मुलगा पाप टाळण्यास शिकत नाही, ते लपविण्यास शिकतो.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळ्यांत आणखी एक भर पडते. बडोदे किंवा हैदराबाद येथील पाळकाचा मुलगा शाळेत गुजराती, तेलुगू किंवा इंग्रजी लिपीत वाढतो, आणि रविवारी त्याने मराठी शास्त्रपाठ खणखणीत वाचावा अशी अपेक्षा असते. तो अडखळला की वृद्ध सभासद हळहळतात : पाळकांच्याच घरात मराठी उरली नाही! भाषेचे प्रेम योग्यच. पण एका समाजाची भाषा टिकविण्याचे काम दहा वर्षांच्या मुलाच्या जिभेवर ठेवू नये. त्याला आधी घरी वाचून दाखवावे, आणि तयारी झाली असे तो म्हणेल तेव्हा उभे करावे.

कौटुंबिक उपासना ही तर पाळकघराचा प्राण. पण दिवसभर उपदेश करून थकलेला पिता रात्री चार जणांच्या मंडळीला पुन्हा उपदेश करू लागला, तर मुले घड्याळाकडे पाहतात. दहा मिनिटे पुरतात. एक परिच्छेद, एक गीत, आणि ज्याला प्रार्थना करावीशी वाटेल त्याची प्रार्थना. ज्या रात्री मूल गप्प राहील, त्या रात्री त्याला गप्प राहू द्यावे.

मंडळीतील भांडणे मुलांसमोर बोलू नयेत. पाळकाचे वेतन तुटपुंजे असते, ते मुलांना दिसतेच. ते लपवू नये. पण अमक्या पंचाने कसा अडथळा आणला, तमक्याने काय म्हटले, हे जेवताना ऐकलेले मूल रविवारी त्याच माणसाच्या हातून प्रभुभोजनाचे ताट फिरताना पाहते. वडील समेट करून मोकळे होतात. मुलाला त्या समेटाची कोणी बातमी देत नाही, आणि ते कडूपण त्याच्याजवळ वर्षानुवर्षे राहते. ज्यांनी सेवकांच्या मोठ्या झालेल्या मुलांशी या विषयावर मोकळेपणाने बोलून पाहिले आहे, त्यांना ही तक्रार ओळखीची वाटेल.

मात्र सेवेपासून मुलांना सर्वस्वी दूर ठेवावे, असेही म्हणणे नाही. पाळकघरात पुस्तके असतात, देशभरचे पाहुणे येतात, मृत्यू आणि लग्न ही दोन्ही दाराशी येतात. आजाऱ्याच्या घरी वडिलांबरोबर गेलेल्या मुलाने तेथे पाहिलेली प्रार्थना शंभर उपदेशांहून खोल जाते. त्याला न्यावे, येतोस का, असे विचारून न्यावे.

मंडळीने काय करावे

येथे मंडळीचे वडील आणि पंच यांना उद्देशून थोडे लिहिणे प्राप्त आहे, कारण कित्येक पाळक मुलांवर जो दाब टाकतात तो मुळात कार्यकारिणीकडून त्यांच्यावर आलेला असतो. पाळकाच्या मुलाविषयी तक्रार असेल, तर ती पालकांना खाजगीत सांगावी. सभेत तिचा ठराव होऊ नये. पाळकाला आठवड्यातील एक दिवस आणि वर्षातील काही सलग दिवस कुटुंबासाठी मोकळे द्यावेत, आणि त्या दिवशी दार वाजवू नये. बदलीची पद्धत असलेल्या मंडळ्यांत मुलांचे दहावी-बारावीचे वर्ष पाहून बदली करणे ही सवलत नव्हे, साधी माणुसकी आहे. दूरच्या आदिवासी भागात काम करणाऱ्या सुवार्तिकांची मुले शिक्षणासाठी लहान वयातच वसतिगृहात जातात. त्यांच्या प्रवासखर्चाची तरतूद कामाच्या अंदाजपत्रकात असावी. ती नसली, तर मोठ्या सुटीतही घरी न येणारी मुले निर्माण होतात.

आणि प्रत्येक मंडळीत एक तरी वॉर्ड असावा. पाळकाचा नातेवाईक नसलेला, पाळकाकडे चुगली न करणारा, मुलाला क्रिकेटच्या सामन्याला किंवा आपल्या दुकानात, कारखान्यात घेऊन जाणारा मोठा माणूस. पाळकाच्या मुलाला पाळक नसतो. ज्याला तो शंका सांगायला जाईल तो मनुष्य त्याचा बापच असतो. ही उणीव दुसऱ्या कोणाला तरी भरून काढावी लागते.

मूल दूर गेल्यास

काही घरांत हे सर्व होऊनही मूल चर्चला येईनासे होते. अशा पाळकाने राजीनामा द्यावा का, असा प्रश्न लाजेपोटी पुष्कळदा विचारला जातो. त्याचे उत्तर घाईने देऊ नये. मूल घरातच राहून उघड दुराचार करीत असेल आणि पालक त्यावर पांघरूण घालीत असतील, तर वडीलमंडळाने एलीचा अध्याय वाचावा. पण वयात आलेला मुलगा प्रामाणिकपणे म्हणत असेल, की मला अजून विश्वास ठेवता येत नाही, तर तो 'अद्यापि' असलेल्या शमुवेलाच्या अधिक जवळ आहे. उधळ्या पुत्राच्या पित्याला शास्त्राने कोठेही अयोग्य पिता म्हटलेले नाही. लाच घेणाऱ्या योएलाचा मुलगा हेमान हा पुढे दावीदाच्या काळी परमेश्वराच्या मंदिराच्या गायकांत अग्रभागी उभा राहिला (१ इतिहास ६:३३). तो शमुवेलाचा नातू. आजोबांनी हे पाहिले नाही.

अशा मुलासाठी मध्यसप्ताह प्रार्थनासभेत नाव घेऊन विनंती ठेवू नये. गावभर झालेली ती बातमी त्याच्यापर्यंत पोहोचतेच, आणि परतीच्या वाटेवर आणखी एक दार लागते. त्याला पत्र लिहावे, फोन करावा. प्रत्येक वेळी शेवटी वचन जोडण्याची गरज नाही. नोकरीविषयी विचारावे, जेवणाविषयी विचारावे, आईचे गुडघे कसे आहेत ते सांगावे. नाताळला तो आला तर त्याची खोली तयार असावी, आणि सकाळच्या उपासनेला येणार का, हे एकदाच विचारावे.